जुनी मॅथकॅड शीट नव्यात नेली आणि उत्तर बदललं: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

"मॅडम, शीट तीच आहे, आकडे तेच आहेत, उत्तर मात्र वेगळं येतंय." कर्वे रोडवरच्या आमच्या नऊ माणसांच्या स्ट्रक्चरल ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता खुर्चीतून उठायच्या आधीच विचारते, "जुन्या मॅथकॅडमधली आहे की प्राइममधली?" निम्म्या वेळा समोरून उत्तर येतं, "म्हणजे?" तिथूनच सुरुवात करू. मॅथकॅड म्हणजे समीकरणं कागदावर लिहिल्यासारखी मांडून युनिटसह सोडवणारा प्रोग्रॅम; त्याच्या फाइलीला आम्ही शीट म्हणतो, आणि प्राइम हा त्याचा नवा अवतार.

लक्षणं साधारण अशी असतात:

- जुनी फाइल नव्या मॅथकॅडमध्ये उघडतच नाही.
- एका मशीनवर उघडते, शेजारच्या मशीनवर नाही, आणि दोन्हीकडे "प्राइमच आहे".
- उघडते, पण मधले काही भाग लाल होतात किंवा नुसतं चित्र होऊन बसतात.
- महिनाभर नीट चाललेली शीट एका सकाळी अर्धीच चालते.
- काहीही लाल नाही, सगळं छान दिसतंय, आणि उत्तर चुकीचं आहे.

पहिल्या चार लक्षणांनी वेळ जातो, एवढंच. पाचव्याने इमारत जाऊ शकते. खालचा क्रम आधी फुकट आणि दोन मिनिटांच्या गोष्टी, मग अवघड, असा आहे.

मुळात दोन मॅथकॅड का आहेत, हे आधी थोडक्यात. मॅथकॅड १९८६ पासून आहे. २००६ मध्ये ते पीटीसी कंपनीकडे गेलं. मॅथकॅड १५ आलं २०१० मध्ये आणि पुढच्याच वर्षी मॅथकॅड प्राइम, पण ते जुन्याचं पुढचं व्हर्जन नव्हतं, नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम होता. पाटी तीच, वाडा पाडून नवीन बांधलेला. १५ ची विक्री २०२१ च्या अखेरीस थांबली. त्यामुळे पुण्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेक डिझायनरांकडे दहा-पंधरा वर्षांचं काम जुन्यात आहे आणि नवीन मुलं आली की प्राइम उघडून बसतात.

१. फाइलचं आडनाव बघा

विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन लपवलेलं असतं. ते आधी दिसतं करा. एमसीडी म्हणजे फार जुनी फाइल, एक्सएमसीडी म्हणजे व्हर्जन १२ ते १५ मधली, एमसीडीएक्स म्हणजे प्राइम. अक्षरं तीच, क्रम उलटसुलट. घाईत कोणीही फसतं. प्राइम जुनी फाइल थेट उघडत नाही, ती आधी कन्व्हर्टरमधून न्यावी लागते. आणि एक्स्टेन्शन हाताने बदलून फाइल बदलत नाही. हे मी गमतीने लिहीत नाहीये, दोनदा बघितलंय.

दुसरं लक्षण, म्हणजे एका मशीनवर उघडते आणि दुसऱ्यावर नाही, हेही बहुतेक इथेच सुटतं. प्राइमच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या प्राइममध्ये उघडत नाही. कोणीतरी उत्साहाने घरच्या लॅपटॉपवर नवीन प्राइम टाकतो, रात्री काम करून फाइल सर्व्हरवर ठेवतो, आणि सकाळी सगळं ऑफिस त्या फाइलीच्या बाहेर. अबाउटमध्ये जाऊन दोन्हीकडचा आकडा जुळवा.

२. लायसन्स

महिन्याने अर्धवट बंद पडलेल्या शीटचं कारण जवळजवळ नेहमी हेच. प्राइम नवीन टाकलं की ३० दिवस पूर्ण चालतं. नंतर पैसे भरले नाहीत तर ते एक्सप्रेस होतं. साधी गणितं, युनिट्स, आलेख चालू राहतात; प्रोग्रॅमिंग, सॉल्व्ह ब्लॉक (समीकरणं सोडवणारी चौकट) आणि सिम्बॉलिक (आकड्यांऐवजी अक्षरांतलं गणित) बंद. शीट बिघडलेली नसते, मुदत संपलेली असते.

जुन्या १५ चं लायसन्स एका मशीनला बांधलेलं असेल तर ते नेटवर्क कार्डाच्या फिजिकल ॲड्रेसवर बांधलेलं असतं. लॅपटॉप डॉकवरून काढला, कार्ड बदललं, मदरबोर्ड बदलला, की "लायसन्स नाही". कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग /ऑल (ipconfig /all) चालवून फिजिकल ॲड्रेस लायसन्सच्या फाइलीतल्या पत्त्याशी जुळतो का बघा. न जुळल्यास जुनं कार्ड परत लावून बघा, विंडोज पुन्हा टाकू नका. १५ अजिबातच सुरू होत नसेल तर विंडोज फीचर्समध्ये डॉट नेट ३.५ चालू आहे का तेही बघून घ्या.

३. उत्तर खरंच बदललंय का?

आधी ऑटो कॅल्क्युलेशन चालू आहे का बघा. मोठ्या शीटवर काम करताना माणसं ते बंद करतात आणि विसरतात. मग स्क्रीनवर कालचं उत्तर आणि आजचा लोड असं सुखाने नांदतं. जुन्या १५ मध्ये कंट्रोल आणि एफ ९ दाबून पूर्ण शीट पुन्हा चालवा. एखाद्या समीकरणाच्या कोपऱ्यात छोटा काळा चौकोन दिसला तर ते समीकरण मुद्दाम बंद करून ठेवलेलं आहे.

मग दशांश स्थळं. स्क्रीनवर दिसतं ते गोल केलेलं, आत असतो तो पूर्ण आकडा. प्रिंटवरचे आकडे कॅल्क्युलेटरवर गुणून "सॉफ्टवेअर चुकतंय" म्हणणारे खूप भेटले. तिसऱ्या-चौथ्या अंकातला फरक असेल तर चहा प्या आणि पुढे चला.

४. सॉफ्टवेअर बदललं की आयएस कोड?

हा मुद्दा मॅथकॅडचा नाही, पण निम्मी भांडणं याचीच असतात. जुनी शीट २०१२ ची. नवीन मुलाने प्राइममध्ये लिहिताना नवा आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, हाताशी घेतला. आणि फरक आला तो "प्राइममुळे". पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद. बाकी सगळे गुणक १ धरले तर दाब ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे ९१२.६ न्यूटन प्रति चौरस मीटर. आयएस ८७५ भाग ३ च्या २०१५ च्या आवृत्तीत डिझाइन दाबासाठी वाऱ्याच्या दिशेचा गुणक आला. इमारतीसाठी तो ०.९ घेतला की झाले ८२१. सुमारे दहा टक्के इथेच गेले. भूकंपाचंही तसंच. पुणे तिसऱ्या झोनमध्ये, झोन फॅक्टर ०.१६, हे २००२ आणि २०१६ दोन्हीकडे सारखं. पण २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये तडकलेल्या काँक्रीटसाठी कॉलमचा इनर्शिया (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) ०.७० पट आणि बीमचा ०.३५ पट घ्यायला सांगितलाय. जुन्या शीटमध्ये तो पूर्ण घेतलेला असणार. म्हणून कुठल्याही तुलनेआधी दोन्ही शीटच्या डोक्यावर कोडचं साल लिहा. सालं वेगळी असतील तर तुलनाच बंद.

५. ओरिजिन

ॲरेची, म्हणजे आकड्यांच्या यादीची, मोजणी ० पासून की १ पासून, हे ओरिजिन ठरवतं, आणि मूळ सेटिंग ० असतं. आमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये कोणीतरी ते १ करून ठेवलं होतं. ती शीट प्राइममध्ये हाताने उतरवली तेव्हा ओरिजिन ० राहिलं. मजल्यांच्या लोडच्या यादीत "पहिला" म्हणून दुसरा मजला घेतला गेला आणि एक मजला बेरजेतून गळला. लाल काहीच झालं नाही. शेवटच्या मजल्याला यादी संपली असती तर निदान एरर आला असता, पण यादीच्या शेवटी कोणीतरी एक जादा ओळ ठेवली होती. टॉलरन्सचं (उत्तर किती अचूक आलं की थांबायचं याचं) सेटिंगही टेम्प्लेटमध्येच लपतं, तेही तेव्हाच बघून घ्या.

६. अक्षरं: इथे थोडं थांबा

स्ट्रक्चरल माणसाची आवडती अक्षरं आठवा. क्षेत्रफळाला ए, स्पॅनला एल, शिअरला व्ही, टॉर्शनला टी, लोडला डब्ल्यू. आता मॅथकॅडमधली युनिट्स आठवा: ए म्हणजे ॲम्पिअर, एल म्हणजे लिटर, व्ही म्हणजे व्होल्ट, टी म्हणजे टेस्ला, डब्ल्यू म्हणजे वॅट.

जुन्या १५ मध्ये तुम्ही ए ला किंमत दिली की त्या खाली ॲम्पिअर संपला. खाली हिरवी नागमोडी रेघ येते, तिकडे कोणी बघत नाही. पण ती व्याख्या चुकून खोडली गेली तर? शीट लाल होत नाही, कारण ए अजूनही माहितीचा आहे, फक्त आता तो एक ॲम्पिअर आहे. उत्तरात विचित्र युनिट दिसतं, आणि तिथेच कोणी हौशी माणूस युनिटच्या जागी हवं ते टाकून "नीट" करतो.

प्राइममध्ये पद्धत वेगळी. प्रत्येक नावाला एक लेबल असतं: व्हेरिएबल, युनिट, कॉन्स्टंट, फंक्शन वगैरे. एकाच अक्षराचा व्हेरिएबल आणि युनिट एकाच शीटमध्ये शेजारीशेजारी राहू शकतात. सवय झाली की हे खूप बरं. पण जुनी शीट नेताना कुठला ए कोण झाला हे प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं: अक्षरावर क्लिक करा, मॅथ टॅबमध्ये लेबल काय दिसतंय ते बघा. कंटाळवाणं आहे. मी हे काम गुरुवारी सकाळी करते, साइटचे फोन कमी असतात. अर्थात लाइट असेल तर.

यालाच चिकटून सबस्क्रिप्ट. १५ मध्ये टिंब दिलं की नावाचा सबस्क्रिप्ट व्हायचा. प्राइममध्ये तो सबस्क्रिप्टचं बटण दाबून करावा लागतो. जुना हात प्राइमवर टिंब मारत राहतो आणि एकाच गोष्टीची दोन नावं तयार होतात. ॲरेचा सबस्क्रिप्ट तर तिसराच, तो चौकटी कंसाच्या कळीने येतो. तिन्ही कागदावर भावंडांसारखे दिसतात.

७. वर-खाली सरकलेले भाग

मॅथकॅड वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचतं. दोन समीकरणं एका ओळीत दिसली तरी जे केसभर वर आहे ते आधी चालतं. कन्व्हर्ट करताना अक्षराचा आकार बदलतो, चौकटी थोड्या सरकतात, आणि व्याख्या तिच्या वापराच्या खाली जाऊ शकते. नाव नवीन असेल तर लाल होईल आणि तुम्ही वाचाल. पण समजा बीम एकसाठी पी, मग खाली बीम दोनसाठी पुन्हा पी, असं लिहिलंय. दुसरा पी केसभर खाली सरकला, तर बीम दोनचं गणित बीम एकच्या लोडवर चालेल. शांतपणे.

आमच्याकडे हे एकदा झालं. सापडलं ते नशिबाने: दोन बीमचा मोमेंट (लोडमुळे बीम वाकवणारा परिणाम) शेवटच्या अंकापर्यंत सारखा आला. दोन खऱ्या बीमचे मोमेंट इतके जुळे नसतात. तेव्हापासून आमच्याकडे एक नाव एकदाच. बीम दोनला पी२.

आणि प्रिंटच्या उजव्या समासापलीकडे डोकावा. जुने लोक "क्लायंटला दिसू नये" म्हणून अर्धी व्याख्या तिकडे ठेवायचे. मिटवून ठेवलेले भाग उघडा, कुलूप असेल तर कन्व्हर्ट करण्याआधी १५ मध्येच काढा. पासवर्ड ठेवणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल तर त्याला फोन करा. आम्ही केला होता, पासवर्ड त्याच्या स्कूटरचा नंबर निघाला.

८. सॉल्व्ह ब्लॉकने दुसरंच मूळ दिलं

जुन्यात "गिव्हन" लिहून खाली समीकरणं आणि शेवटी "फाइंड". प्राइममध्ये त्याची एक चौकट असते, त्यात सुरुवातीचा अंदाज, अटी आणि सॉल्व्हर वेगवेगळ्या कप्प्यांत. अंदाजाची किंमत महत्त्वाची, कारण वर्गसमीकरणाला मुळं दोन.

उदाहरण करूनच बघा. बीम २३० मिलिमीटर रुंद, प्रभावी खोली ४१०, एकूण ४५०, एम २० काँक्रीट, एफई ५०० सळई, मोमेंट ६० किलोन्यूटन-मीटर. काँक्रीटच्या कोडच्या, म्हणजे आयएस ४५६ च्या, परिशिष्ट जी मधल्या सूत्राने स्टील काढलं तर एक मूळ येतं सुमारे ३७३ चौरस मिलिमीटर, दुसरं सुमारे ३३९९. अंदाज ५०० दिला की पहिलं मिळण्याची शक्यता जास्त, ३००० दिला की दुसरं. गंमत म्हणजे कमाल स्टीलची मर्यादा चार टक्के, म्हणजे या बीमला ४१४० चौरस मिलिमीटर. चुकीचं मूळ त्या तपासणीतून खुशाल पास होतं! सेंटरिंगवाला सळया मोजताना हसेल तेव्हाच कळायचं. म्हणून ब्लॉकमध्ये वरची मर्यादा अट म्हणून लिहा, किंवा सरळ सूत्राने लहान मूळ काढा. साध्या वर्गसमीकरणाला सॉल्व्ह ब्लॉक लावणं हीच मुळात चैन आहे.

९. तापमान आणि कोडमधली सूत्रं

चाकणच्या ६० मीटर लांब स्टील शेडला तापमानातला फरक ३० अंश. प्रसरण १२ गुणिले १० चा उणे ६ वा घात, गुणिले ३०, गुणिले ६० मीटर: २१.६ मिलिमीटर. आता युनिटच्या यादीतून ३० पुढे अंश सेल्सिअस निवडा. मॅथकॅड ते तापमान म्हणून वाचतं, ३०३.१५ केल्विन करतं, आणि उत्तर येतं २१८ मिलिमीटर. फरकासाठी डेल्टाचं चिन्ह असलेलं वेगळं युनिट आहे, ते वापरा.

दुसरं, काँक्रीटच्या लवचिकतेच्या गुणांकाचं सूत्र: ५००० गुणिले वर्गमूळ एफसीके (काँक्रीटची ताकद). या सूत्रात आत मेगापास्कलचा नुसता आकडा जायला हवा. जुन्या शीटमध्ये म्हणून एफसीके ला मेगापास्कलने भागलेलं असतं आणि शेवटी गुणलेलं. नवीन मुलं ते "फालतू" म्हणून काढतात. एम २५ ला २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आलं नाही तर परत लावा.

१०. कन्व्हर्टर, स्क्रिप्ट, डीएलएल

कन्व्हर्ट नेहमी कॉपीवर. शीट दुसऱ्या शीटला जोडलेली असेल तर आधी ती दुसरी न्यायची. जे भाग जमले नाहीत ते चित्र होऊन येतात. चित्र गणित करत नाही, दिसतं मात्र अगदी गणितासारखं. क्लिक करून खात्री करा. शीटमध्ये स्क्रिप्टचे घटक असतील तर ते प्राइममध्ये चालत नाहीत, नव्याने लिहावे लागतात. कोणी पूर्वी सी भाषेत स्वतःचं फंक्शन लिहून त्याचं डीएलएल (मॅथकॅडला जोडायची तयार प्रोग्रॅम फाइल) केलं असेल तर तेही तसंच, कारण १५ हा ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि त्याचं डीएलएल ६४ बिटच्या प्राइममध्ये चालत नाही.

मग ठेवायचं कुठलं?

मी दोन्ही ठेवते, पण एका कामात एकच. पूर्ण झालेले प्रकल्प जुन्यातच राहू दिलेत, सोबत पूर्ण प्रिंटची पीडीएफ. ते कन्व्हर्ट करून मिळतं काय? फक्त नव्या चुका. उद्या कोणी दहा वर्षांपूर्वीच्या इमारतीवर मजला चढवायचा म्हणून आला, तर मला तेव्हा काय गणित केलं होतं ते हवं, आज प्राइमला काय वाटतं ते नको. चालू कामं ज्यात सुरू झाली त्यातच संपवायची, मध्येच उडी नाही. नवीन कामं प्राइममध्ये, सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती. आणि रोज लागणाऱ्या सात-आठ शीट, म्हणजे बीम, फूटिंग, रिटेनिंग वॉल, या कन्व्हर्ट न करता कोऱ्या पानावर पुन्हा लिहिल्या. दोन आठवडे गेले. त्यात जुन्या शीटमधल्या दोन चुका सापडल्या, हा जादाचा फायदा.

नवीन शीट वापरात यायच्या आधी तिच्यावर हाताने सोडवलेलं एक उदाहरण चालवायचं, वहीत, पेनाने. आमचे सर हे पान शीटसोबत फाइल करायला लावतात. पूर्वी मला हा जुनाट हट्ट वाटायचा.

जुन्यासाठी एक मशीन राखलंय. तपकीर गल्लीतून साधी एसएसडी आणून त्या मशीनची पूर्ण इमेज काढून ठेवलीये. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ पासून थांबले, म्हणून त्याचं इंटरनेट काढलंय. फाइली पेन ड्राइव्हने येतात-जातात.

कुठे थांबायचं

लायसन्स दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर विक्रेत्याला फोन, स्वतः लायसन्सची फाइल खोलून खेळ नाही. ओळखीचा कोणी "क्रॅक टाकून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. क्रॅक केलेल्या प्रोग्रॅमच्या उत्तरावर सही तुमची असते. लायसन्स सर्व्हरला हात लावायचं काम नेटवर्कवाल्याचं. डीएलएलचा मूळ कोड सापडत नसेल तर सी येणाऱ्या माणसाला आयएसचं कलम देऊन ते नव्याने लिहून घ्या, बायनरी उलगडत बसू नका.

आणि दोन व्हर्जनमध्ये फरक पाच टक्क्यांच्या वर आहे, वरचं सगळं बघून झालंय, तरी कारण सापडत नाहीये, आणि ती इमारत साइटवर उभी राहतेय, तर तो प्रश्न आता सॉफ्टवेअरचा नाही. जास्तीचं उत्तर "सेफ साइड" म्हणून घेऊन पुढे जाऊ नका. कुठलं उत्तर जास्तीचं आहे हेच अजून माहीत नाही. ज्यांची ड्रॉइंगवर सही आहे त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना तेव्हाच्या तेव्हा फोन करा, दोन्ही प्रिंट समोर ठेवा, आणि साइटला तो भाग थांबवायला सांगा, रेडी-मिक्सची गाडी गेटवर उभी असली तरी.